नरकचतुर्दशीचा साबण

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीविषयी लिहावयाचे म्हटले, की मराठी माणसाची लेखणी सुवासिक तेल, उटणे, पहाटेची थंडी आणि आईच्या हातचा फराळ या ठरलेल्या वाटेने आपोआप चालू लागते. आम्हीही त्याच वाटेने जाणार होतो. परंतु २०२३ सालच्या नरकचतुर्दशीस आमच्या घरी जे घडले, त्यामुळे ती वाट सोडून आम्हांस न्हाणीघराच्या मोरीशी, तेथून पशुवैद्याच्या दवाखान्यात आणि तेथून थेट बावन्न वर्षे मागे, रामबागेतील आमच्या वडिलांच्या घराच्या परसात जावे लागले. वाचकांनी सोबत यावे, एवढीच विनंती.

आमचे घराणे होळकरांच्या पदरी इंदूरास आले. जेजुरीचा खंडोबा हे होळकरांचे कुलदैवत, आणि आमचेही तेच. नातीने तीन वर्षांपूर्वी पावसात भिजलेले एक तांबूस पिल्लू ओढणीत गुंडाळून घरी आणले, तेव्हा त्याचे नाव ‘खंडू’ ठेवण्याचा ठराव आम्हीच मांडला. सौ.ने कपाळाला आठी घातली. पण खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतोच, दत्तगुरूंच्या भोवती तर चार असतात, हे आम्ही तिच्या निदर्शनास आणून दिले. रायगडावरील वाघ्याच्या स्मारकासाठी इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी देणगी दिली होती असे सांगतात, तोही दाखला जोडला. वाघ्याच्या ऐतिहासिकतेविषयी विद्वानांत मतभेद आहेत. खंडूच्या अस्तित्वाविषयी मात्र आमच्या घरात कोणालाच शंका घेता येत नाही. सोफ्याचे दोन पाय आणि आमची एक कोल्हापुरी वहाण त्याची साक्ष देतील.

त्या वर्षी १२ नोव्हेंबर रोजी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आले होते. साहजिकच घरात दुप्पट गडबड होती. सौ. पहाटे चारलाच उठली. नातीने आदल्या रात्रीच पाटाभोवती रांगोळी घालून, तबकात तेलाची वाटी, उटणे आणि नव्या चंदनी साबणाची एक वडी वेष्टनासह मांडून ठेवली होती. पायाखाली चिरडावयाचे कारीट इंदूरात सहज मिळत नाही. ते एका स्नेह्यांनी पुण्याहून आणून दिले होते. आम्ही पंचा गुंडाळून न्हाणीघरात गेलो, तो पाटावर कारीट जागच्या जागी, तेल जागच्या जागी, आणि साबण मात्र नाही. दाराआड खंडू उभा. तोंडाला पांढरा फेस, जीभ सारखी ओठांवरून फिरत असलेली, आणि पायाशी सोनेरी कागदाचे दोन कपटे व साबणाचा एक दातांच्या खुणा असलेला तुकडा.

कुत्र्याने साबण का खावा, असा प्रश्न आम्हांस तेव्हा पडला. आता विचार करता त्यात नवल वाटत नाही. साबण म्हणजे शेवटी चरबी किंवा तेल आणि अल्कली यांचे अपत्य. माणसाच्या नाकाला त्यात चंदन जाणवते. कुत्र्याच्या नाकाला त्यामागची चरबीही जाणवत असावी. शिवाय सुवासिक तेलाने माखलेल्या हातांनी नातीने ती वडी हाताळलेली. खंडूने ती फराळाची पहिली वडी मानली असेल, तर दोष आमच्या मांडणीचा.

घरात एकच गलका झाला. शेजारच्या काकू फराळाचे ताट घेऊन आल्या होत्या, त्या दारातूनच म्हणाल्या, “भाऊसाहेब, आधी मिठाचं पाणी पाजा. भडाभडा ओकेल आणि मोकळा होईल.” सौ.ही म्हणाली, “अहो, बघत काय उभे राहिलात?” आम्ही स्वयंपाकघरात गेलो, मिठाची बरणी काढली, पेल्यात दोन चमचे मीठ घातलेही. आणि तिथेच आमचा हात थांबला. का थांबला, ते पुढे सांगू. त्या क्षणी एवढेच झाले, की आम्ही पेला ओट्यावर ठेवला आणि दूरध्वनी उचलला.

आमच्या लोकमान्यनगरापासून जवळच एका तरुण पशुवैद्यांचा दवाखाना आहे. महू, म्हणजे आताचे डॉ. आंबेडकर नगर, येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयातून ते शिकून आलेले. पहाटे पाचला, त्यातून दिवाळीला, फोन करताना संकोच वाटला. पण त्यांनी दुसऱ्याच घंटेला उचलला. आमचे अर्धे वाक्य ऐकूनच ते म्हणाले, “काकासाहब, उल्टी बिल्कुल मत कराइए.” मग त्यांनी एकामागून एक प्रश्न विचारले. साबण कोणता, घरी केलेला की बाजारचा? किती खाल्ला? केव्हा? कुत्र्याचे वजन किती? वेष्टनही गिळले आहे काय? खोकतो आहे काय? श्वास कसा आहे?

येथे आम्हांस आमची उभी हयात उपयोगी पडली. आम्ही मध्य प्रदेश शासनाच्या नापतौल विभागातून २०२२ साली निवृत्त झालो. दुकानदारांची वजने तपासणे आणि पाकिटावरील मजकूर वाचणे यात आमची नोकरी गेली. आम्ही खंडूला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहिलो, मग त्याला खाली ठेवून एकटे उभे राहिलो. खात्याच्या भाषेत पहिले स्थूल वजन, दुसरे वेष्टनाचे. वेष्टन अर्थातच आम्ही. वजाबाकी करता खंडूचे निव्वळ वजन सोळा किलो भरले. तबकाखाली उरलेले कपटे जोडून वेष्टनावरचा मजकूर वाचला : वजन १२५ ग्रॅम, ‘पॅक करतेवेळी’. हे दोन शब्द पुष्कळांच्या नजरेस पडत नाहीत. साबणातील पाणी दिवसेंदिवस उडत जाते आणि वडी हलकी होते, म्हणून नियमांनीच ही सवलत दिलेली आहे. दातांच्या खुणा असलेला तुकडा सौ.च्या स्वयंपाकाच्या काट्यावर ३८ ग्रॅम भरला. “म्हणजे पोटात गेला तो जास्तीत जास्त ८७ ग्रॅम, आणि वाळवण वजा करता त्याहूनही कमी,” असे आम्ही सांगितले, तेव्हा पलीकडून डॉक्टरांच्या हसण्याचा आवाज आला. असा हिशेब देणारा पालक त्यांना प्रथमच भेटला होता म्हणे.

त्यांनी जे सांगितले ते आम्ही लिहून घेतले, आणि ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांच्यासाठी येथे देतो.

बाजारात मिळणारी अंगाच्या साबणाची साधी वडी सहसा जीवघेणी नसते. ती अल्कधर्मी असल्यामुळे तोंड, घसा आणि जठर यांना चुरचुरते. लाळ गळते, वांत्या आणि जुलाब होतात. धोका दुसराच असतो. साबण पोटात फेस करतो. आपण बळेच ओकारी काढली, की तो फेस वर येतो आणि त्यातला काही श्वासनलिकेत शिरतो. फुप्फुसात गेलेला फेस एकदोन दिवसांनी न्यूमोनियाचे रूप घेऊ शकतो. पोटातून बाहेर काढण्याच्या घाईत आपण ते विष, जेथे ते मुळीच नव्हते, तेथे पोहोचवतो. मिठाच्या पाण्याचा तर दुहेरी अपाय : ओकारी झाली नाही, तर तेवढे मीठ रक्तात जाते आणि कुत्र्याच्या मेंदूवर त्याचा परिणाम होऊन झटके येऊ शकतात.

म्हणून करावयाचे ते इतकेच : ओल्या फडक्याने तोंड, हिरड्या आणि जीभ हलक्या हाताने पुसून काढावी, पाणी समोर ठेवावे, पण थोडे थोडे, आणि घशात ओतू नये, तेल, तूप, लिंबू यांचे प्रयोग करू नयेत, वेष्टन जपून ठेवावे आणि डॉक्टरांस दाखवावे. वांत्या थांबत नसतील, खोकला किंवा धाप लागली, पोट टम्म होऊन दुखू लागले, शौचास होईना किंवा कुत्रा सुस्त पडून राहिला, तर क्षणाचाही विलंब न करता दवाखाना गाठावा. साबणाचा मोठा तुकडा किंवा वेष्टन आतड्यात अडकू शकते, तेही ध्यानात ठेवावे.

न्हाणीघरातील सर्वच वस्तू मात्र साबणाइतक्या सौम्य नसतात, असे डॉक्टरांनी बजावून सांगितले. जंतुनाशक द्रव आणि फिनाईल तोंडात व अन्ननलिकेत जखमा करू शकतात. काही दंतमंजनांत साखरेऐवजी झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो. माणसाला तो चालतो, पण कुत्र्याच्या रक्तातील साखर अर्ध्याएक तासात धोक्याच्या पातळीखाली आणतो आणि पुढे यकृतालाही इजा करतो. टी-ट्रीसारखी सुगंधी तेले थोड्या प्रमाणातही त्यास बाधतात. आपला घरगुती रिठा निरुपद्रवी वाटतो. पण त्याचाही फेसच होतो, आणि पोटाला तोही झोंबतो. अंग घासण्याचा काथ्या किंवा जाळीचा गोळा गिळला, तर प्रश्न विषाचा राहत नाही, शस्त्रक्रियेचा होतो. तात्पर्य, ‘न्हाण्याचे काहीतरी खाल्ले’ एवढे सांगून भागत नाही. काय खाल्ले ते नाव घेऊन सांगावे लागते.

खंडू आपण होऊन दोनदा ओकला. सकाळी नऊला आम्ही त्याला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकले, ओकारी थांबवण्याचे इंजेक्शन दिले, मानेजवळच्या कातडीखाली सलाईन सोडले आणि घरी धाडले. “आज रात को इसकी साँसें गिनिएगा,” असे त्यांनी सांगितले. निजलेल्या कुत्र्याचे श्वास मिनिटास तिसाच्या आत असावेत. त्याहून वाढत गेले, तर वेळ न पाहता फोन करावा.

सूर्योदयापूर्वी स्नान न करणारा नरकात जातो, असे आपली शास्त्रे सांगतात. त्या दिवशी आमच्या घरातील सर्वांनी सकाळी साडेदहानंतर आंघोळ केली, आणि तीही जुन्याच साबणाने. धर्मराजाने स्वर्गाच्या दारातही कुत्र्याला सोडले नव्हते, ही कथा आठवून आम्ही मनाची समजूत घातली. निदान सोबत तरी चांगली होती.

लक्ष्मीपूजन झाले, फटाक्यांचा आवाज ओसरला. खंडू आमच्या खोलीत चटईवर निजला. आम्ही मनगटी घड्याळ हातात घेऊन त्याच्या बरगड्या मोजत बसलो. बावीस. चोवीस. बावीस. नात झोपावयास तयार नव्हती. ती उशी घेऊन शेजारी येऊन बसली. मध्यरात्रीच्या सुमारास तिने विचारले, “आजोबा, सकाळी तुम्ही मीठ काढलं आणि मग पाजलं का नाही? डॉक्टरकाका तर नंतर म्हणाले.”

नऊ वर्षांच्या मुलीने ते पाहिले होते. घरात दुसऱ्या कोणी पाहिले नव्हते. मग आम्ही तिला मोत्याची गोष्ट सांगितली. ती आम्ही त्याआधी कोणालाच सांगितली नव्हती, सौ.लाही नाही.

१९७१ साल होते. आम्ही अकरा वर्षांचे. वडील कारकुनी करीत आणि सात माणसांच्या घरात महिनाअखेरीस साबण संपे. त्या काळी पुष्कळ घरांतून साबण घरीच केला जाई. वडिलांनी सियागंजातून कॉस्टिक सोडा आणि मोहाचे तेल आणले. नवरात्राच्या आधी परसात लाकडी खोक्यात कापड अंथरून त्यांनी ते मिश्रण ओतले. आम्हां मुलांना जवळ येऊ दिले नाही. ‘हात भाजेल’ म्हणाले. महिनाभर ते मुरावयाचे होते, म्हणजे दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला नव्या वड्या निघाल्या असत्या. खोक्यावर झाकण म्हणून जुना पत्रा ठेवला होता.

मोत्या हा आमचा कुत्रा. काळा, एका डोळ्यावर पांढरा ठिपका. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने पत्रा सरकवून कडेचा ओला साबण खाल्ला. तो ज्या आवाजात ओरडला, तो आवाज आम्ही आजही ओळखू. तोंडातून लाळेची धार लागली होती, जीभ पांढुरकी पडली होती. वडील कचेरीत होते. आजी म्हणाली, मिठाचे पाणी पाजा. आत्याने पाणी कालवले. मोत्या दुसऱ्या कोणाला तोंडाला हात लावू देत नसे. म्हणून जबडा धरून उघडा ठेवण्याचे काम आमच्याकडे आले. तो आमच्याकडे पाहत होता. त्याने आम्हांस चावा घेतला नाही. तो ओकला, पुन्हा पाजले, पुन्हा ओकला. तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. वडिलांनी परसातल्या पेरूखाली खड्डा खणला, आणि त्याच संध्याकाळी तो सगळा साबण घरापासून दूर नेऊन मातीत पुरला. त्या दिवाळीला आम्ही नुसत्या उटण्याने न्हालो. वडिलांनी पुन्हा घरी साबण केला नाही, आणि मोत्याचे नावही काढले नाही.

पुढे महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकताना कळले, की दोन दिवसांचा तो साबण अद्याप साबण झालाच नव्हता. तेल आणि कॉस्टिक यांची क्रिया पुरती होण्यास आणि वडी मुरण्यास आठवडे लागतात. तोवर उरलेला कॉस्टिक मांस जाळतो. जो पदार्थ जाताना अन्ननलिका भाजतो, तो ओकारीतून परत येताना तिला दुसऱ्यांदा भाजतो. अशा विषावर ओकारी हा उपाय नव्हे, तर तीच इजा पुन्हा एकदा करणे होय. मोत्या एरवीही वाचला असता की नाही, ते आज कोणी सांगू शकणार नाही. आजीला ते ठाऊक नव्हते, आत्याला नव्हते, आम्हांलाही नव्हते. त्यांनी केले ते मायेपोटी केले. परंतु जबडा आम्ही धरला होता.

नात बराच वेळ बोलली नाही. मग तिने विचारले, “म्हणजे आज सकाळी तुम्हाला मोत्या आठवला?” आम्ही होय म्हणालो. ती म्हणाली, “मग मोत्यानं खंडूला वाचवलं.” आम्ही सरकारी नोकरीत पस्तीस वर्षांहून अधिक काळ पुराव्याशिवाय कोणताही शेरा मान्य केला नाही. हा मात्र आम्ही हरकत न घेता नोंदवून घेतला. घड्याळात पाहिले. तेवीस.

तिसऱ्या दिवशी, भाऊबीजेच्या आदल्या सकाळी, सोनेरी कागदाचा उरलेला भाग खंडूने योग्य मार्गाने परत केला. डॉक्टरांस फोन करून कळवले, तेव्हा ते पुन्हा हसले आणि आता वरणभात द्या म्हणाले. खोकला त्यास झाला नाही.

निवृत्त अधिकाऱ्याची खोड सहजी जात नाही. आम्ही एक परिपत्रक काढून न्हाणीघराच्या दाराला आतून चिकटवले आहे. कलम एक : साबण, शाम्पू, दंतमंजन आणि फिनाईल वरच्या फळीवर. कलम दोन : वेष्टन फेकण्यापूर्वी वाचावे. कलम तीन : कुत्र्याने काही खाल्ल्यास प्रथम डॉक्टरांस विचारावे, नंतर शेजाऱ्यांस. त्याखाली डॉक्टरांचा क्रमांक आहे. शेजारच्या काकूंनी कलम तीन वाचले आणि दोन दिवस अबोला धरला. मग स्वतःच्या मांजरासाठी त्याची प्रत मागून नेली.

नातीने त्यात स्वतःच्या अक्षरात चौथे कलम घातले आहे. ते मसुद्यात नव्हते आणि त्यावर आमची मंजुरीही घेतलेली नाही. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला तिने तबकात साबणाबरोबर एक बिस्कीट ठेवावयाचे आणि ते पेरूखालच्या मोत्यासाठी खंडूने खावयाचे, असे ते कलम आहे. रामबागेचे ते घर आता आमचे राहिलेले नाही, पेरूही नाही. पण २०२४ साली बिस्कीट ठेवले गेले, आणि पुढच्या वर्षीही.